तेंदूपत्त्याचा ठेका देताय? दरासोबत ठेकेदाराच्या फर्मची नोंदणीही तपासा

तेंदूपत्त्याचा हंगाम जवळ आला की गडचिरोली-चंद्रपूरच्या गावागावांत ठेकेदारांच्या गाड्या फिरू लागतात. शेकडा पुड्यांना मजुरी किती, रॉयल्टी किती, यावर ग्रामसभेत रात्र-रात्र चर्चा होते. पण करारावर सही करणारा नेमका कोण, हे फारसं कुणी विचारत नाही. पैसे अडकले की मग धावाधाव.

वनहक्क कायदा आणि पेसामुळे आज ग्रामसभा स्वतः माल विकतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 मध्ये बांबू वाहतुकीचं परवाना पुस्तक गावाच्या हाती आलं. हक्क आला, तशी व्यवहाराची जोखीमही गावाकडेच आली.

माल घेणारा बरेचदा एखाद्या घराण्याचा धंदा असतो. पाटीवर 'अँड सन्स' किंवा 'ब्रदर्स'. कागदावर मात्र ती एकट्याची मालकी, भागीदारी फर्म, हिंदू अविभक्त कुटुंब किंवा कौटुंबिक ट्रस्ट, यापैकी काहीही असू शकते. भागीदारी असेल तर 1932 च्या कायद्याप्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार जबाबदार असतो. फर्म नोंदलेली नसली तरी ग्रामसभेला तिच्यावर दावा करता येतो. पण फळीवर फिरणारा भाऊ कागदावर भागीदारच नसेल, तर त्याच्या तोंडी शब्दावर वसुली कठीण. ट्रस्ट असेल तर विश्वस्त कोण आणि सहीचा अधिकार कुणाला, हे ट्रस्टच्या दस्तात दाखवायला सांगावं.

तपासणी मोबाईलवर होते. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर लॉगिन न करता 15 अंकी-अक्षरी नंबर टाकला की कायदेशीर नाव, धंद्याचा प्रकार आणि नोंदणी चालू आहे, स्थगित आहे की रद्द, हे दिसतं. नंबरातच बरंच कळतं. पहिले दोन अंक राज्याचे : महाराष्ट्र 27, तेलंगणा 36, छत्तीसगड 22. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. एकूण नंबरातलं सहावं अक्षर एफ असेल तर फर्म, एच असेल तर अविभक्त कुटुंब, टी असेल तर ट्रस्ट, पी असेल तर एकटा माणूस. करारात 'फर्म' लिहिलंय आणि नंबर एकट्याचा निघाला, तर तिथंच थांबावं.

जीएसटी नोंदणी म्हणजे ऐपतीचा दाखला नव्हे. ती कराची नोंद आहे. भागीदारी फर्मची नोंदणी वेगळी, ती निबंधकाकडे होते. म्हणून भागीदारीपत्राची प्रत, सर्व भागीदारांची नावं आणि आगाऊ रक्कम, तिन्ही घ्यावं. तेंदूपत्त्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आलाय. तो दरात धरलाय की वेगळा, हेही करारात लिहून घ्यावं.

पहाटे वाघ-अस्वलाच्या धाकात पानं तोडणाऱ्या बाईची मजुरी या कागदावर टिकून असते. ठराव घेण्याआधी तो कागद ग्रामसभेत मोठ्यानं वाचला गेला पाहिजे.