वस्तीतला दिवा ही कोणाची कृपा नव्हे



28 एप्रिल 2018 रोजी मणिपुरातील लेइसांग या गावी वीज पोहोचली आणि देशातील एकूण एक गावाचे विद्युतीकरण पुरे झाल्याची घोषणा केंद्र सरकारने केली. त्या हिशेबात आपले लोणखेडा आले, अवघा शहादा तालुका आला, सातपुड्याच्या पोटातील अक्राणीही आली. तुमच्या वस्तीत शेजाऱ्याच्या घरातून ओढलेल्या तारेवर ज्याचा दिवा लागतो असे एक जरी घर असेल, तरी त्या घराने या घोषणेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. घोषणा गावाविषयी होती. घराविषयी नव्हती.

सरकारी कागदावर गाव कशाने उजळते, ते पाहा. 1997 पर्यंत नियम असा होता की, गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की ते गाव विद्युतीकृत! लोणखेड्याच्या शिवारात उसाचे मळे आहेत. अशा मुलखात एखाद्या बागायतदाराच्या विहिरीवर एक पंप चालू झाला तरी नियमाचे समाधान होत असे. मग गावात कंदील जळो की चिमणी. 1997 मध्ये महसुली हद्दीऐवजी 'लोकवस्ती' हा शब्द आला. 2004 मध्ये नवी व्याख्या झाली. लोकवस्तीत आणि जेथे दलित वस्ती असेल तेथे तिच्यातही रोहित्र व तारा हव्यात, शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज हवी, आणि निदान दहा टक्के घरांत जोडणी हवी.

दलित वस्तीचे नाव व्याख्येत मुद्दाम घालावे लागले, हे विसरू नका. गावात वीज आली म्हणजे आपल्या वस्तीत आली असे होत नाही, याची ती राज्यकर्त्यांनीच दिलेली लेखी कबुली आहे. आणि दहा टक्के म्हणजे काय? शंभर घरांच्या गावात दहा घरी दिवे लागले, नव्वद घरे अंधारात राहिली, तरी गाव प्रकाशमान! ते दहा कोणाचे असतील, हे आपल्याला कोणी सांगावयास नको.

आपल्याच जिल्ह्यात याहून विदारक चित्र आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील 33 गावांना ग्रासले. त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के. ज्यांच्या जमिनी बुडून ही वीज निर्माण झाली, त्या डोंगरातील आदिवासी बांधवांचे पाडे मात्र वर्षानुवर्षे दिव्यावाचून राहिले.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते आणि विजेचा विषय त्यांच्याकडे होता. 25 ऑक्टोबर 1943 रोजी दिल्लीत वीजविषयक समितीपुढे बोलताना, वीज हवी तरी कशासाठी, हा मूळ प्रश्नच त्यांनी उभा केला. दारिद्र्यातून सुटका उद्योगीकरणाने होईल आणि त्यासाठी वीज स्वस्त व मुबलक हवी, असा त्यांचा रोख होता. त्यात दानाची भाषा नव्हती.

आज आपल्यापुढे येते ती मात्र बहुधा दानाचीच भाषा. 'योजना आली आहे, लाभ घ्या.' महावितरणने बाबासाहेबांच्या नावाने जीवन प्रकाश योजना काढली. तिची मुदत प्रथम 14 एप्रिल ते 6 डिसेंबर 2021 अशी होती. अनामत 500 रुपये, तीही पाच हप्त्यांत. सवलत चांगली होती आणि ती घेण्यात काही कमीपणा नाही. पण अर्जासोबत जातीचा दाखला जोडावा लागे. ज्या कुटुंबाने जातीचे ओझे नुकतेच खाली ठेवले, त्याला दिव्यासाठी ते पुन्हा उचलावे लागते की काय, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. त्याचे उत्तर कायद्यात आहे.

2003 च्या विद्युत अधिनियमाचे कलम 43 म्हणते की, जागेच्या मालकाने अथवा भोगवटादाराने अर्ज केला की वितरण कंपनीने एक महिन्याच्या आत वीज दिली पाहिजे. तेथे जात विचारलेली नाही, धर्म विचारलेला नाही आणि त्या कलमाला मुदतही नाही. चुकार कंपनीला दिवसाला 1000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 2024 च्या दुरुस्त नियमांनी ही मुदत ग्रामीण भागात 15 दिवस आणि डोंगराळ ग्रामीण भागात 30 दिवस केली. जेथे तारच पोहोचलेली नाही अशा पाड्यासाठी आयोग मुदत वाढवू शकतो. परंतु मुदत वाढणे म्हणजे कर्तव्य बुडणे नव्हे. याच अधिनियमातील कलम 6 पाहा. सर्व गावे-पाड्यांना वीज मिळावी म्हणून सरकारांनी 'प्रयत्न' करावा, एवढेच ते सांगते. पुढारी भाषणात कलम 6 बोलतात. तुम्ही अर्जात कलम 43 लिहा.

'भोगवटादार' हा शब्द आपल्यासाठी सोन्याचा आहे. माझ्या एका अशिलाला एका कार्यालयात सांगण्यात आले की घर तुझ्या नावावर नाही, मालकाची संमती आण. मालक कोण? ज्याच्या मळ्यावर त्याचा बाप राबला तोच! अशी संमती कोणत्या अटीवर मिळते ते तुम्ही जाणता. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात स्पष्ट केले की वीज ही मूलभूत सोय आहे आणि घरमालकाचे ना-हरकत पत्र नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येत नाही.

सुधारणांविषयीही दोन शब्द. 2005 मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. एकाच क्षेत्रात अनेक वितरक आणू पाहणारे 2022 चे विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर बाद झाले. 2025 च्या मसुद्यात तोच विचार पुन्हा आला. सरकारी कंपनी आली म्हणून हुरळू नका, खासगी येणार म्हणून घाबरूही नका. मसुदा हाती घ्या आणि एकच पाहा: कलम 43 चे कर्तव्य सर्वांत गरीब ग्राहकापुरते शाबूत आहे की नाही. नफ्याचा ग्राहक एकाने उचलायचा आणि वस्तीचा ग्राहक दुसऱ्याच्या गळ्यात टाकायचा, अशी वाटणी होणार असेल तर तिला आपला विरोध असला पाहिजे.

तोवर अर्ज लेखी करा, पोच घ्या, पोचेवर तारीख घालून घ्या. नकार मिळाला तर तोही लेखी मागा. पुढची पायरी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल. दोन्हीकडे वकील लागतोच असे नाही; तारीख घातलेली ती पोच मात्र लागते.