घाटाचा राजा आणि सोलापूरची सपाटी

स्वातंत्र्यापूर्वीच सुरू झालेल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत दोन मान असतात. एक पुण्यास प्रथम पोहोचणाऱ्याचा, दुसरा बोरघाटाचा माथा प्रथम गाठणाऱ्याचा. या दुसऱ्या वीरास ‘घाटाचा राजा’ म्हणतात. सपाटीवरील कोणत्याही टप्प्याच्या वाट्याला असे राजेपद आलेले नाही, आणि त्याचे कारण केवळ भावनेचे नव्हे.

सपाट रस्त्यावर सायकलपटूचा मुख्य वैरी वारा होय. पुढच्याच्या आडोशाने जाणाऱ्याचे श्रम पुष्कळ वाचतात. म्हणून दुबळाही घोळक्यात निभावून जातो. चढणीवर वेग मंदावला की हा आडोसा जवळजवळ निरुपयोगी ठरतो. तेथे प्रत्येकास आपला भार आपणच वर न्यावा लागतो. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंतची सुमारे पाचशे मीटरांची चढण हेच करते; उसन्या बळावर आलेल्यांस ती मागे ठेवते. ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीने 1910 मध्ये पिरेनीजमधील 2115 मीटर उंचीची तूर्माले खिंड मार्गात घेतली आणि 1933 पासून डोंगरचढाईची स्वतंत्र गणना सुरू केली, ती याच न्यायाने.

सोलापूरकरांनी यावर समाधानाने मान डोलावून स्वस्थ बसावे काय? आमच्या मते नाही. एके काळी गिरण्यांच्या भोंग्यासरशी ज्याचे रस्ते सायकलींनी भरून जात, असे हे शहर. त्यास बोरघाट नसला, तरी सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांवर तुळजापूरचा घाट आहे. बोरघाटाच्या मानाने तो ठेंगणा खरा. परंतु दीर्घ सपाटीनंतर अखेरीस येणारी चढण शर्यतीचा निकाल फिरविण्यास पुरेशी असते. कोजागरीच्या पौर्णिमेस सहस्रावधी भाविक ज्या वाटेने पायी जातात, त्या वाटेवर वर्षातून एकदा सायकलपटूंनी धावावे, यात अशक्य ते काय?

या महामार्गावर अवजड वाहने धावतात, घाटात अपघात होतात, असा आक्षेप निघेल. तो रास्त आहे. पण घाटातील खरा धोका उताराचा असतो. चढणीवर सायकलीचा वेग माणसाच्या धावेइतकाच उरतो. शर्यत माथ्यावरच संपविली, तर उतरणीचा प्रश्नच उरत नाही. यात्रेचे दिवस वगळून एका रविवारी पहाटेचे काही तास एका बाजूचा रस्ता मोकळा ठेवणे, एवढेच सोलापूर व धाराशिव या दोन जिल्ह्यांच्या प्रशासनांस करावे लागेल.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलीस प्रवेश नाही. जुना घाटरस्ताच तिला थारा देतो. नवे रस्ते बांधताना सायकलस्वार हा अडथळा मानावयाचा आणि शर्यतीच्या दिवशी त्यास राजा म्हणावयाचे, ही विसंगती फार काळ चालू नये. राजेपद नंतर देता येईल. आधी त्यास रस्त्यावर हक्काची जागा द्या.