न झालेल्या गोलांचा हिशेब

फुटबॉलच्या सामन्यात झालेल्या गोलांची नोंद होते; होऊ न दिलेल्या गोलांची कोणी ठेवीत नाही. बचावपटूच्या वाट्याला येणारा हा अन्याय चेझारे माल्दिनी (१९३२-२०१६) या इटालियन खेळाडूला दोनदा सोसावा लागला : आधी मैदानावर आणि पुढे, अधिक कठोरपणे, प्रशिक्षकाच्या आसनावर.

त्रिएस्ते या बंदराच्या शहरात जन्मलेले माल्दिनी १९५४ मध्ये मिलान संघात आले व १२ वर्षे तेथे खेळले. या काळात संघाने ४ वेळा इटलीचे साखळी विजेतेपद मिळविले. १९६३ मध्ये वेम्बलीवर बेनफिकाचा २-१ असा पराभव करून मिलानने युरोपीय चषक जिंकला. हा मान मिळविणारा तो पहिला इटालियन संघ, आणि माल्दिनी त्याचे कप्तान. चेंडू नुसता दूर भिरकावून देणे त्यांना मानवत नसे. ऐन गोलाच्या तोंडाशीही ते तो शांतपणे खेळवीत आणि क्वचित गमावून बसत. वृत्तपत्रांनी अशा चुकीला ‘माल्दिनाता’ असे नावच देऊन टाकले. त्यांनी वाचविलेल्या असंख्य गोलांना मात्र कोणी नाव दिले नाही.

१९८२ मध्ये इटलीने विश्वचषक जिंकला तेव्हा ते मुख्य प्रशिक्षक एंझो बेआर्झोत यांचे साहाय्यक होते. १९८६ पासून १० वर्षे त्यांनी २१ वर्षांखालील राष्ट्रीय संघ घडविला. १९९२, १९९४ आणि १९९६ असे सलग तीन वेळा या संघाने युरोपचे विजेतेपद मिळविले. त्यानंतर वरिष्ठ संघाची धुरा त्यांच्याकडे आली. १९९८ च्या विश्वचषक स्पर्धेत इटलीचा संघ नियमित वेळेत वा जादा वेळेत एकदाही हरला नाही. उपांत्यपूर्व फेरीत यजमान फ्रान्सशी गोलशून्य बरोबरी झाल्यावर पेनल्टींवर मात्र तो बाद झाला. दि बियाजोचा फटका आडव्या खांबावर आदळला आणि माल्दिनींना पद सोडावे लागले.

त्यांचा खेळ फार सावध होता, अशी टीका तेव्हा झाली. ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही. हाताशी उत्तम आक्रमक असताना बचावाच्या आश्रयाला जाणे हा दोषच होय. परंतु १० वर्षांच्या अध्यापनाचे मूल्य एका फटक्यावरून ठरविणे हा त्याहून मोठा दोष नव्हे काय?

२००६ मध्ये बर्लिनला विश्वचषक उंचावणारा कप्तान कान्नावारो आणि त्या संघातील नेस्ता व तोत्ती हे तिघेही माल्दिनींच्या १९९६ च्या युवक संघातील खेळाडू होते. त्या विजयाचे श्रेय दुसऱ्या प्रशिक्षकाच्या नावे जमा झाले, आणि ते योग्यच होते. पण शिकविणाऱ्याचे पीक बहुधा दुसऱ्याच्या खळ्यात पडते. क्रीडासंस्थांना आणि प्रेक्षकांना एवढे उमजले, तर निकालाच्या रात्री प्रशिक्षकाचा बळी मागण्यापूर्वी ते निदान क्षणभर थांबतील.