यंत्र आणि आपण : स्क्रू पिळण्यापूर्वी



विहिरीवर वीज आली, मोटार बसली आणि डिझेल इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली गेले, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. एवढे चांगले यंत्र गंजत पडू नये म्हणून कोणी ते मळणीयंत्राला जोडतो, कोणी कडबाकुट्टीला लावतो, तर एखादा हिकमती गडी जुन्या जीपच्या सांगाड्यावर बसवून त्याचा छोटा ट्रॅक्टर करतो. कल्पना झकास आहे. बिघडते ते पुढे. नव्या कामावर इंजिन दम टाकू लागते आणि मालक म्हणतो, "मिस्त्री, जरा डिझेल वाढवून द्या की." मिस्त्री पाना काढतो, स्क्रू पिळतो, सायलेन्सरमधून काळाकुट्ट धूर निघतो, आणि तो धूर पाहून मालकाला वाटते, आता आली ताकद! खरे म्हणजे पैसे देऊन आणलेले डिझेल अर्धवट जळून आभाळात चाललेले असते.

आज या स्क्रूविषयी बोलायचे आहे. त्यासाठी आपण जरा पाबळला जाऊन येऊ.

शिरूर तालुक्यातले पाबळ बहुतेकांना मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक असते. पाऊस कमी, माळरान जास्त, असा हा पट्टा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली मुद्दाम हे गाव निवडून तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट घेतलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेला हा माणूस मुंबई सोडून माळावर येऊन राहिला. शाळा सुटलेल्या मुलांनी वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, बांधकाम हे हाताने करता करता शिकावे, आणि शिकता शिकता गावाच्या उपयोगाचे काही बनवावे, अशी तेथली रीत. कलबाग २००३ मध्ये वारले. आश्रमाचे काम चालू राहिले.

याच आश्रमात थोड्या जमिनीच्या शेतकऱ्यासाठी एक छोटा ट्रॅक्टर तयार झाला. त्याचे नाव मेकबुल, म्हणजे यंत्राचा बैल. लहान डिझेल इंजिन आणि जुन्या जीपचे भाग यांची त्यात सांगड घातलेली. आपले गावोगावचे हिकमती लोक जे करू पाहतात, तेच तेथे विचारपूर्वक, मोजूनमापून केले गेले. म्हणून तो दाखला समोर ठेवून आपण पाहू, की इंजिनाचे काम बदलले म्हणजे त्याच्याबरोबर काय काय बदलावे लागते.

विहिरीवरच्या इंजिनाचे आयुष्य एकसुरी असते. एकदा हँडल मारले की तासन् तास तोच वेग, तेच ओझे. मिनिटाला १५०० फेऱ्यांचे इंजिन असेल तर त्याचे टायमिंग, त्याचा गव्हर्नर, सारे त्या १५०० साठी बसवलेले. त्याला थंड ठेवणारे पाणीही बहुधा पंपाच्याच नळीतून मिळते. तेच इंजिन उचलून चाकांवर बसवले की सगळेच फिरते. चढावर ओझे वाढते, बांधापाशी वळताना नाहीसे होते. पाणी देणारा पंप राहिला नाही, तेव्हा रेडिएटर तरी हवा, नाही तर पुरेशी मोठी टाकी. आणि धूळ! विहिरीच्या खोलीत चालणारे इंजिन नांगराच्या मागे उडणारी माती गिळू लागते. लहानसा एअर क्लीनर दोन दिवसांत तुंबतो, आणि हवा कमी पडली की पुन्हा काळा धूर. अशा वेळी स्क्रू पिळणे म्हणजे दम लागलेल्या माणसाच्या नाकातोंडावर फडके बांधून त्याला आणखी भाकरी भरवण्यासारखे आहे. शेतात फिरणाऱ्या इंजिनाला तेलात बुडालेला एअर क्लीनर लावा, आणि धुळीच्या दिवसांत त्यातले तेल रोज पाहा.

हवेबद्दल आणखी एक गोष्ट. आपला पुण्याकडचा मुलूख समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. येथली हवा मुंबईपेक्षा विरळ, दाब सहा टक्क्यांनी कमी. म्हणजे नळकांड्यात शिरणारी हवाही तेवढी कमी. पाच हॉर्सपॉवरचे इंजिन येथे, त्यातून उन्हाळ्यात, पुरती पाच देईल ही अपेक्षाच करू नये.

मग ओढ कोठून आणायची? गिअरमधून. जीपचे मूळचे पेट्रोल इंजिन मिनिटाला चार हजारांच्या घरात फेऱ्या मारणारे. जीपचे गिअर त्याच्या मापाचे. आपले डिझेल त्याच्या निम्म्याहून कमी वेगाचे आणि कितीतरी कमी ताकदीचे. जुन्या चारचाकी ओढीच्या जीपला गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, ट्रान्सफर केस. तिचा लो गिअर टाकला की वेग अडीच पटीने उतरतो आणि ओढ जवळजवळ तेवढ्याच पटीने वाढते. हिशेब सोपा आहे. दहा हॉर्सपॉवर ताशी तीन किलोमीटरने चालवली तर कागदावर साधारण ९०० किलोची ओढ मिळते. गिअरची घासाघीस आणि चाकांचे घसरणे यांत निम्मी गेली असे धरा, तरी साडेचारशे उरली. तीच गाडी ताशी सहाने पळवाल तर ओढही निम्मी. चांगल्या बैलजोडीची दिवसभर टिकणारी ओढ शंभर किलोच्या आसपास असते, हे ध्यानात घेतले म्हणजे साडेचारशेची किंमत कळते.

पण ही ओढ जमिनीला पोचली पाहिजे. मागच्या चाकांवर वजन नसेल तर चाक जागीच गरगर फिरते, इंजिन बिचारे निर्दोष असते, आणि तरी पाना त्याच्यावरच चालतो. चाकांत पाणी भरा, मागे लोखंडी वजन टाका, मग पाहा.

मळणीयंत्राचे आणि कुट्टीचे गणित पुलीचे. इंजिनाच्या फेऱ्या गुणिले इंजिनाची पुली बरोबर यंत्राच्या फेऱ्या गुणिले यंत्राची पुली. इंजिन १५०० चे, त्याची पुली सहा इंची, आणि यंत्राला ६०० फेरे हवे असतील तर यंत्राची पुली पंधरा इंची. पुली चुकीची बसवायची आणि वेग जमवायला गव्हर्नर छेडायचा, हा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो. गव्हर्नर हा इंजिनाचा कासरा आहे. स्प्रिंग ताणून १५०० चे १८०० केले, तर फ्लायव्हीलच्या बिडावर येणारा ताण वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो, म्हणजे जवळजवळ दीडपट होतो. बीड आधी वाकून इशारा देत नाही. ते एकदम फुटते. त्याचा तुकडा भिंत फोडून जाऊ शकतो, आणि त्या खोलीच्या दाराशी आपली पोरे खेळत असतात.

पंपावरही हा मोह निष्फळच ठरतो. वेग पाचव्या हिश्शाने वाढवला तर पाणी फार तर पाचव्या हिश्शाने वाढते, पण इंजिनावरचे ओझे पावणेदोन पट होते. पंपाची चाल तशीच आहे. उलट, पाणी उथळ असेल तेव्हा वेग थोडा उतरवून डिझेल वाचते. विहीर खोल असेल तर मात्र हे जपून करा, नाही तर पाणी वरपर्यंत येणारच नाही.

आता त्या स्क्रूकडे वळू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा इतकी दाबतो की ती तापून लाल होण्याजोगी होते, आणि नेमक्या क्षणी नोझलमधून डिझेलचा धुक्यासारखा फवारा आत येतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीत पहिले यशस्वी इंजिन चालवले ते याच युक्तीवर, आणि आजचे आपले इंजिन त्याच वंशातले. दाब, फवारा आणि क्षण, या तिहींपैकी एकही हुकले तर नुसत्या जादा डिझेलाने काय होणार? म्हणून मिस्त्रीला सांगायचे ते "डिझेल वाढवा" असे नव्हे, तर आधी दाब पाहा असे. इंजिन बंद असताना हँडल फिरवा. दाबाच्या फेरीला हात अडला पाहिजे. सहज फिरले तर रिंगा, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट गळते आहे. टॅपेटची फट इंजिन थंड असताना पुस्तकात दिली आहे तेवढीच ठेवायची, आणि ती अंदाजाने नव्हे, फिलर गेजने.

मग नोझल. त्याचा उघडण्याचा दाब बहुतेक लहान इंजिनांत प्रत्येक चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोच्या आसपास असतो. फवारा धुक्यासारखा हवा. धार लागली किंवा टोकाशी थेंब लोंबला तर नोझल गेले. ही तपासणी फिटरकडच्या दाबयंत्रावरच करून घ्या. फवाऱ्यासमोर हात धरून "येतंय का" ते पाहणारे लोक आहेत. तो फवारा कातडी भेदून आत शिरतो. वर टाचणीच्या टोकाएवढी खूण दिसते आणि आतून बोट कुजते. असे कोणाला झाले तर घरगुती लेप न लावता तडक शस्त्रक्रिया होईल अशा दवाखान्यात न्या.

शेवटी क्षण, म्हणजे टायमिंग. पुष्कळ लहान इंजिनांत डिझेल पंपाच्या बुडाशी पातळ पत्र्याच्या शिम असतात. शिम वाढवली की फवारा उशिरा येतो, काढली की लवकर. फार लवकर आला तर इंजिन ठणठण ठोके देते, हँडल उलटे झटका मारते, बेअरिंग लवकर जाते. उशिरा आला तर ओढ मेलेली, सायलेन्सर तापून निघतो, थंड इंजिनाला पांढरा धूर येतो. निळसर धूर मात्र वेगळा, तो वंगणाचा. फ्लायव्हीलवर कारखान्याने खूण केलेली असते. दुसऱ्या कंपनीचा पंप किंवा जुन्या बाजारातले नोझल बसवले असेल तर त्या खुणेशी टायमिंग पुन्हा जुळवून घ्यावे लागते, आणि आपल्या जोडजाड इंजिनांत हेच नेमके राहून जाते. करंजाचे तेल घालून पाहणाऱ्यांनीही हे ध्यानात धरावे. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचे इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते हे खरे. पण कच्चे तेल डिझेलाच्या दहापट घट्ट असते, त्याचा फवारा नीट फुटत नाही आणि नोझलवर राळ बसते.

आणि इंजिन फार थंड ठेवणे हेही वाईटच. विहिरीचे गार पाणी भरधाव जॅकेटमधून सोडतात आणि हाताला थंड लागले की समाधान मानतात. त्याने डिझेल नीट जळत नाही व नळकांडे लवकर झिजते. बाहेर पडणारे पाणी हाताला चांगले कढत लागेल इतपत तोटी आवळावी.

पाबळच्या मंडळींनी एक गोष्ट फार आधी ओळखली होती: कानाने ऐकून केलेली दुरुस्ती आणि मोजून केलेली दुरुस्ती यांत फरक आहे. २००२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे नील गर्शेनफेल्ड यांच्या मदतीने तेथे फॅब लॅब म्हणजे छोटी आधुनिक कार्यशाळा उभी राहिली. अमेरिकेबाहेर अशा कार्यशाळा नुकत्याच निघू लागल्या होत्या. तेथे कलबागांच्या मंडळींना काय हवे होते? दुधाचा कस मोजायची साधने, आणि शेतीच्या इंजिनाची कार्यक्षमता मोजायची साधने!

तुम्हाला त्यासाठी कार्यशाळेची गरज नाही. मापाच्या खुणा असलेली पारदर्शक बाटली घ्या आणि मिस्त्रीकडून टाकीच्या नळीला टी आणि तोटी बसवून ती जोडून घ्या. इंजिन कामावर गरम झाले की टाकी बंद करून १०० मिलिलिटर डिझेल किती वेळ पुरते ते घड्याळावर पाहा. धडधाकट पाच हॉर्सपॉवरचे इंजिन पुऱ्या ओझ्यावर तासाला एक लिटर किंवा किंचित जास्त घेते, म्हणजे शंभर मिली सहा मिनिटांच्या आतबाहेर. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कोणी २०० लिटरचे पिंप किती सेकंदांत भरते ते पाहावे. समजा पिंप पंचवीस सेकंदांत भरले, तर सहा मिनिटांत साडेचौदा पिंपे झाली. फुटव्हॉल्व्ह साफ केला, नोझल बदलले, टायमिंग खुणेवर आणले, आणि पिंप तेवढ्याच वेळात भरत असताना बाटली सात मिनिटे पुरली, तर तेवढ्याच डिझेलात जवळजवळ सतरा पिंपे झाली. नांगराला पिंपाऐवजी गुंठे मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाही तर गुण कशाने आला ते कळणार नाही.

चाकांवर बसवलेल्या अशा जुळणीबद्दल एक इशारा देऊन ठेवतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे, की जुगाड गाड्यांना मोटार वाहन कायद्यातून सूट नाही. बिगर नोंदणीची गाडी शेतात वापरा. ऊस किंवा वऱ्हाड भरून रस्त्यावर आणली आणि अपघात झाला, तर भरपाई मालकाच्या जमिनीवर येते. पट्ट्याला जाळीचे आवरण लावा, धोतराचा सोगा, पदर आणि मोकळी वेणी यांच्यापासून तो पट्टा दूर राहू द्या. आणि बंद खोलीत इंजिन चालवायचे असेल तर धुराची नळी भिंतीबाहेर काढा. तो धूर माणसाला झोपेतच नेतो.

बाटलीचे आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा. घरातल्या शाळकरी मुलीला हे काम द्या, ती अचूक करील. रब्बीचे पाणी सुरू होण्याआधी एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा, एवढे पुरे. सहा मिनिटांची पाच झाली की मिस्त्रीला बोलावताना ती वही त्याच्या पुढे ठेवा.