थांबलेल्या फेऱ्या, थांबलेले प्रश्न

२०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी लागू झाली त्या २५ मार्चला सप्टेंबरअखेर सहा महिने उलटून गेले होते. या काळात कारखाने उघडले, बाजार उघडले, १ सप्टेंबरपासून गोव्याच्या सीमाही खुल्या झाल्या. गावातून सकाळी सुटणारी बस मात्र अनेक ठिकाणी तेव्हाही परतली नव्हती. सत्तरी, सांगे, काणकोण अशा तालुक्यांत एक फेरी रद्द होणे म्हणजे दहा मिनिटांचा खोळंबा नव्हे. तेथे पुढची गाडी दोन-दोन तासांनी असते, किंवा नसतेच. कुंडईच्या वा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर वेळेत न पोहोचणाऱ्या कंत्राटी कामगाराचा तेवढ्या दिवसाचा पगार जातो. गोमेकॉत तपासणीसाठी जाणाऱ्या वृद्धाला भाड्याची गाडी करावी लागते आणि औषधापेक्षा प्रवासच महाग पडतो. दुचाकी असेल त्याचे कसेबसे निभावते. ज्याच्याकडे ती नाही, तो शेजाऱ्याच्या सवडीवर जगतो.

अशा वेळी सरकारला जाब विचारायचा कोणी, याचे उत्तर नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सोपे आहे: स्थानिक लोकप्रतिनिधीने. प्रत्यक्षात त्या सहा महिन्यांत या उत्तराचीच सर्वांत मोठी कोंडी झाली. गोवा विधानसभेचे दोन आठवड्यांचे पावसाळी अधिवेशन महामारीच्या कारणाने एका दिवसावर आले. २७ जुलैला सभागृह भरले आणि त्याच दिवशी वर्षाचा अर्थसंकल्प संमत झाला. एरवी खातेनिहाय अनुदान मागण्यांवर जी चर्चा होते, तिच्यात वाहतूक खात्याचीही पाळी येते. कदंब महामंडळाच्या गाड्या किती, नादुरुस्त किती, कोणत्या मार्गावर फेऱ्या कमी, हे सारे त्या निमित्ताने उघड होते. एका दिवसात त्यातले काय साधणार? त्याखालचा स्तरही रिकामाच. जिल्हा पंचायतींचे मतदान २२ मार्चला व्हायचे होते, ते पुढे ढकलले गेले आणि सप्टेंबर २०२० सरला तरी झाले नव्हते.

सभागृहात विचारलेला प्रश्न आणि वर्तमानपत्रात दिलेले निवेदन यांत फरक काय, असा एक समज अलीकडे रूढ होऊ पाहतो आहे. आमदाराने पत्रकार परिषद घेतली, मंत्र्याने दुसऱ्या दिवशी प्रतिक्रिया दिली, विषय संपला. हा फरक किती मोठा आहे, ते सप्टेंबर २०२०च्या संसदेच्या अधिवेशनाने दाखवून दिले.

१४ सप्टेंबरला सुरू झालेले हे अधिवेशन १ ऑक्टोबरपर्यंत चालायचे होते; ते २३ तारखेलाच आटोपले. त्यात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता. तारांकित प्रश्न नाहीत, म्हणजे मंत्र्याने उभे राहून उत्तर देणे नाही आणि त्यावर उपप्रश्नही नाही. विरोधकांच्या गदारोळानंतर अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे देण्यापुरती खिडकी उघडी ठेवण्यात आली. त्या अरुंद खिडकीतूनही जे बाहेर आले, ते महत्त्वाचे आहे.

पश्चिम बंगालचे राज्यसभा सदस्य डेरेक ओब्रायन यांच्या प्रश्नाला तत्कालीन रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी दिलेल्या लेखी उत्तरातून कळले की, श्रमिक विशेष गाड्यांतून प्रवास करताना ९ सप्टेंबरपर्यंत ९७ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ८७ मृतदेह राज्यांच्या पोलिसांनी उत्तरीय तपासणीसाठी पाठवले. ५१ अहवाल हाती आले. १ मे ते ३१ ऑगस्ट या काळात अशा ४,६२१ गाड्या धावल्या आणि त्यांतून ६३ लाखांहून अधिक लोक घरी परतले. थिवी, करमळी, मडगाव येथून परराज्यांतील मजुरांना घेऊन निघालेल्या गाड्याही याच हिशेबातल्या. गाड्यांत माणसे दगावत असल्याच्या बातम्या मे महिन्यापासून येत होत्या आणि त्यांचा इन्कारही होत होता. मंत्र्याच्या नावाने पटलावर आलेला आकडा ही वेगळीच वस्तू असते. तो नंतर नाकारता येत नाही, न्यायालयात दाखवता येतो आणि त्याच्यावर पुढचा प्रश्न उभा करता येतो. उरलेल्या अहवालांचे काय, हा तो पुढचा प्रश्न. उपप्रश्नाची सोय असती, तर तो त्याच दिवशी विचारला गेला असता.

त्याच अधिवेशनात दुसरा नमुनाही दिसला. घरी परततानाच्या काळात किती स्थलांतरित मजूर मरण पावले, या लोकसभेतील प्रश्नावर कामगार मंत्रालयाचे उत्तर होते: अशी माहिती ठेवली जात नाही. माहिती नाही म्हणून भरपाईचा प्रश्नही उद्भवत नाही. एक कोटी चार लाखांहून अधिक मजूर गावी परतल्याचा आकडा मात्र राज्यवार उपलब्ध होता. सरकारी नोंदवही कोणत्या पानावर उघडते आणि कोणत्या पानावर मिटते, हे एवढ्यावरून समजावे. तरीही ‘माहिती नाही’ हे उत्तरसुद्धा प्रश्न विचारला म्हणूनच मिळाले, आणि देशभर त्यावर चर्चा झाली.

गोव्यातील बसच्या बाबतीत नेमके हेच व्हायला हवे होते. लोकसभेचे दोन आणि राज्यसभेचा एक, एवढेच खासदार असलेल्या राज्यात असे प्रश्न विचारण्याची खरी जागा पर्वरीच आहे.

मुळात येथील बसव्यवस्था दुपेडी आहे. १९८० मध्ये स्थापन झालेले कदंब महामंडळ एकीकडे आणि परवान्यावर धावणाऱ्या खासगी बसगाड्या दुसरीकडे. गावांना बाजारपेठांशी जोडणारे बरेचसे मार्ग वर्षानुवर्षे खासगी बसमालकांच्याच भरवशावर आहेत. १ मे रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने हरित पट्ट्यांत निम्म्या आसनांवर बसवाहतुकीस मुभा दिली, तेव्हा गोव्याचे दोन्ही जिल्हे हरित पट्ट्यातच होते. कदंबच्या गाड्या हळूहळू रस्त्यावर आल्या. अनेक खासगी मालकांनी मात्र गाड्या दारातच उभ्या ठेवल्या.

त्यांना दोष देणे सोपे आहे, पण हिशेब पाहिला पाहिजे. बसचा चालक, वाहक, टायर, विमा यांचा खर्च निम्म्या प्रवाशांमुळे निम्मा होत नाही. त्यात मेच्या पहिल्या आठवड्यात केंद्राने डिझेलवरील करात लिटरमागे तेरा रुपयांची वाढ केली, आणि ७ जूनपासून सलग तीन आठवडे इंधनाचे दर रोज चढत गेले. दिल्लीत तर डिझेल पेट्रोलहून महाग झाले. कर्जाच्या हप्त्यांना मिळालेली सवलत ३१ ऑगस्टला संपली. ज्या मालकाच्या नावावर एकच गाडी आहे आणि तीही बँकेच्या कर्जावर, त्याने रिकामी बस पळवून तोटा वाढवावा, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

पण प्रवाशाची बाजूही तितकीच खरी. टप्पा वाहतुकीचा परवाना हा केवळ व्यवसायाचा दाखला नसतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार त्याच्यासोबत मार्ग आणि वेळापत्रक येते, अटी मोडल्यास परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार परिवहन प्राधिकरणाला असतो. म्हणजे सरकारपुढे दोन वाटा होत्या: तोट्याचा काही भार उचलून खासगी गाड्या चालू ठेवायच्या, अथवा त्या मार्गांवर कदंबच्या जादा फेऱ्या सोडायच्या. यांपैकी कोणती वाट कोणत्या मार्गावर धरली, हे प्रवाशाला तेव्हा गावागावांत चौकशी करूनच कळत होते. शेजारी महाराष्ट्राने एसटीची आंतरजिल्हा वाहतूक २० ऑगस्टला सुरू केली आणि १८ सप्टेंबरपासून पूर्ण आसनक्षमतेने गाड्या सोडल्या. तो निर्णय आरोग्याच्या दृष्टीने शहाणपणाचा की घाईचा, याबद्दल मतभेद होऊ शकतात. पण तारीख जाहीर झाली आणि निर्णयाला धनी आहे.

सीमेचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. आंतरराज्य प्रवासावर निर्बंध ठेवू नयेत, असे केंद्रीय गृहसचिवांनी २२ ऑगस्टला राज्यांना कळवले आणि गोव्याने पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवशी दारे उघडली. पत्रादेवी, केरी, मोले येथील नाके मोकळे झाले खरे. परंतु रस्ता मोकळा होणे आणि त्यावर बस धावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांदा, दोडामार्ग परिसरातून गोव्यात रोज कामाला येणारा तरुण आणि चोर्ला घाटाने बेळगावहून येणारा छोटा व्यापारी यांना त्यातला फरक पुरता ठाऊक आहे. या माणसांची अडचण अशी की, ते ज्या राज्यात कामाला येतात तेथे त्यांचा आमदार नसतो आणि जेथे आमदार असतो, तेथील सरकारच्या हाती गोव्याचा नाका नसतो.

सरकारच्या बाजूने तेव्हा एक युक्तिवाद मांडला जात होता आणि तो सरसकट झटकून टाकण्यासारखा नव्हता. प्रश्नांची उत्तरे तयार करण्यात खात्यांचे मनुष्यबळ गुंतते. महामारीत तेच अधिकारी रुग्णालये, प्रतिबंधित क्षेत्रे आणि नाके सांभाळत होते. सभागृहात आमदार, कर्मचारी, सुरक्षारक्षक एकत्र येण्याने संसर्गाचा धोकाही होता. परंतु हे कारण चर्चेचे तास कमी करण्यास पुरते, उत्तरदायित्व कमी करण्यास पुरत नाही. लेखी उत्तराला गर्दी लागत नाही. शिवाय या काळात प्रवासावरचे बहुतेक निर्बंध आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशांनी आले, सभागृहात चर्चा होऊन नव्हे. अधिकाऱ्याच्या सहीने माणसाचे जाणे-येणे थांबू शकते, तेव्हा तर प्रश्नांची गरज वाढते.

लोकप्रतिनिधींनाही या हिशेबातून सूट नाही. प्रश्न विचारण्याचीही एक हातोटी असते. ‘ग्रामीण भागातील बससेवेबाबत सरकार काय करीत आहे?’ असे विचारले की ‘योग्य ती कार्यवाही सुरू आहे’ हे उत्तर ठरलेलेच. त्याऐवजी आपल्या मतदारसंघातील मार्गांची नावे घेऊन विचारावे की, प्रत्येक मार्गावर २२ मार्चपूर्वी किती परवाने चालू होते, १ सप्टेंबरला त्यांपैकी किती गाड्या प्रत्यक्ष धावत होत्या, न धावणाऱ्या किती परवानाधारकांना नोटीस गेली, बदली म्हणून कदंबने किती फेऱ्या वाढवल्या आणि शेवटची गाडी किती वाजता सुटते. अशा प्रश्नातून उत्तरदात्याला विशेषणांत दडता येत नाही. असा प्रश्न तयार करायला आमदाराला चार बसथांब्यांवर सकाळी साडेसहाला उभे राहावे लागेल, ही त्यातली खरी अडचण असावी.

राज्यघटनेनुसार विधानसभेच्या दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू शकत नाही. २७ जुलै २०२० पासून मोजले, तर जानेवारी २०२१ सरण्यापूर्वी पर्वरीत सभागृह भरवणे भाग होते. त्याआधी प्रश्नांच्या सूचना द्याव्या लागतात. मार्ग, तारखा, परवान्यांची संख्या अशी माहिती जमवायला तीन-साडेतीन महिने हाती होते. तोवर वाळपई, सांगे, काणकोणच्या थांब्यांवर सकाळची पहिली बस येते की नाही, याची नोंद ठेवणारे वहीवाले तेवढे हवे होते.