तांड्यावरील मुलाची पहिली भाषा

सेनगाव, औंढा, कळमनुरी या हिंगोली जिल्ह्यातील डोंगराळ पट्ट्यात बंजारा समाजाचे अनेक तांडे आहेत. तांड्यावरील मूल आईला ‘याडी’ म्हणते, भाकरीला ‘बाटी’ म्हणते. सहाव्या वर्षी ते पहिलीत येते आणि ‘आ’ आईचा हा धडा त्याच्यापुढे येतो. अक्षर नवे, शब्दही परका. मूल गप्प बसते आणि शाळा त्या गप्प बसण्याला मंदबुद्धी समजते.

शहरातील सुखवस्तू घरात मूल तिसऱ्या वर्षी मराठी आणि इंग्रजी बोलू लागले की पाहुण्यांपुढे त्याचे कौतुक होते. तांड्यावरील मूलही दोन भाषांतच वाढते. मात्र त्याची पहिली भाषा दोष ठरते आणि ती विसरणे म्हणजे प्रगती, असे त्याच्या पालकांनाही वाटू लागते. दोष भाषेचा नाही, ती बोलणाऱ्याच्या सामाजिक स्थानाचा आहे.

मराठवाड्याने तरी हे दुःख ओळखायला हवे. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि वरचे शिक्षण घेऊ पाहणाऱ्या मराठी मुलापुढे विषयाआधी भाषेचाच डोंगर उभा राही. त्या अन्यायाविरुद्ध हिप्परगा, अंबाजोगाई येथील राष्ट्रीय शाळा उभ्या राहिल्या. ज्यांच्या वाडवडिलांनी हा लढा दिला, त्यांच्याच शाळांत आज तांड्यावरील मूल मुके होऊन बसावे, ही विसंगती साधी नाही.

कायदा याबाबत मुका नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे घटनेचे ३५०-अ हे कलम १९५६ पासून सांगते. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही शक्यतो मातृभाषेचाच आग्रह धरतो. मराठवाड्यात उर्दू माध्यमाच्या सरकारी शाळा चालतात, तेव्हा हे शासनाला अशक्य नाही. परंतु गोरमाटी बोलणाऱ्यांची गणना जनगणनेत हिंदीखाली होते. जी भाषा कागदावर स्वतंत्र नाही, तिच्यासाठी शाळेत जागा कोण मागणार?

एप्रिल २०२५ मध्ये राज्य शासनाने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी सक्तीची केली. विरोध झाला आणि जूनअखेर आदेश मागे घ्यावे लागले. तो विरोध योग्यच होता. पण लहान मुलावर किती भाषा लादाव्यात, या त्या वादात ज्या मुलाला मराठीही शाळेतच प्रथम भेटते, त्याची आठवण फारच थोड्यांना झाली.

गोरमाटीला स्वतःची लिपी नाही, हा आक्षेप टिकणारा नाही. देवनागरीत ती लिहिली जाते, तिच्यात साहित्यही निर्माण झाले आहे. पालकांना मराठी आणि इंग्रजी हवी असते, हे मात्र खरे, आणि त्यांचे चुकत नाही. बाजार, तलाठी, दवाखाना, नोकरी, सारे व्यवहार त्याच भाषांत आहेत. प्रश्न मराठी नको असा नसून क्रमाचा आहे. पहिली दोन वर्षे गोरमाटीचा हात धरून मूल मराठीत आले, तर त्याची मराठी पक्की होईल. या जिल्ह्यातील नरसी हे नामदेवांचे गाव. त्यांची पदे मराठीत आहेत आणि गुरू ग्रंथसाहिबातही. दोन भाषांचे या मातीला वावडे नाही.

खर्चाची सबब येथे फारशी लागू होत नाही. अंगणवाडीची सेविका स्थानिकच असते. तांड्यावर ती बहुधा मुलांचीच भाषा बोलते, म्हणून तेथे मूल बोलके असते. तुटते ते पहिलीच्या उंबरठ्यावर. तांड्यावरील शिकलेल्या तरुण-तरुणींना पहिली-दुसरीसाठी मानधनावर शिक्षकाच्या जोडीला द्यावे, प्रवेशिका दोन भाषांत छापावी आणि तेथे बदलून येणाऱ्या शिक्षकाला महिनाभर गोरमाटी शिकवावी. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात आणि मागे राहिलेली मुले आजीच्या हवाली असतात. त्या आजीला शाळेत बोलावून तिच्या गोष्टी वर्गात सांगू द्याव्यात. एवढ्या मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी येत्या जूनपूर्वी जिल्हा परिषदेत जावे.