विश्लेषण : उत्क्रांतीचा धडा दहावीतच का हवा?

वानराचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचे सांगितलेले नाही. म्हणून डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे आणि शाळा-महाविद्यालयांत तो बदलायला हवा, असे तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत म्हणाले. ते मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मागण्याची सवय असणारच. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून हे खोडले. खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही त्यांना अशी विधाने टाळायला सांगितले. वाद तिथेच मिटला, असे तेव्हा वाटले.

मग धडा गेला कसा?

अमेरिकेत हा वाद १९२५ पासून न्यायालयांत लढला गेला. टेनेसीत उत्क्रांती शिकवली म्हणून जॉन स्कोप्स या शिक्षकाला शंभर डॉलर दंड झाला होता. आपल्याकडे एवढा गाजावाजा झालाच नाही. करोनाकाळात मुलांवरचा भार कमी करायचा म्हणून एनसीईआरटीने २०२२ मध्ये पुस्तके आटोपशीर केली. त्यात दहावीच्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याचे नाव फक्त ‘आनुवंशिकता’ उरले. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी खुले पत्र लिहून विरोध केला. त्यावर उत्तर मिळाले, की उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात आहेच.

ती आहे, हे खरे. पण बारावीला जीवशास्त्र घेते कोण? तिवशासारख्या तालुक्यात दहावीनंतर कुणी कला शाखेला जातो, कुणी आयटीआयला, कुणी थेट शेतात. त्यांच्यासाठी दहावी हाच विज्ञानाचा शेवटचा वर्ग असतो.

याचा वऱ्हाडाशी काय संबंध?

‘बदल होताना कुणी पाहिला’ या प्रश्नाचे उत्तर आमच्या पऱ्हाटीत आहे. बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. त्यातले विष खाऊन बोंडअळी मरायची. पण लाखो अळ्यांत एखादी जन्मतःच ते पचवणारी असते. बाकीच्या मेल्या, ती उरली, तिची पिल्ले वाढली. पहिल्या बीटीला गुलाबी बोंडअळी पुरून उरल्याचे गुजरातेत २०१० च्या सुमारास मान्य झाले. २०१७ मध्ये विदर्भात दोन जनुकांच्या वाणावरही डोमकळ्या दिसल्या आणि किडकी बोंडे फुटली. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच. तिला लाखो वर्षे लागतातच असे नाही. इथे पंधरा वर्षे पुरली.

बियाण्याच्या डब्यासोबत १२० ग्रॅमचे बिगर-बीटी पाकीट यायचे, ते आठवा. शेताच्या कडेने ते पेरायचे, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतील आणि पुढची पिढी विषाला बळी पडेल. युक्ती उत्क्रांतीच्या नियमावर आधारलेली होती. बहुतेक पाकिटे धुऱ्यावर पडून राहिली. मुद्दाम अळीला चारा कशाला पेरायचा, हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्तच होता. त्याचे उत्तर कृषी केंद्राच्या काउंटरवर मिळणारे नव्हते. ते आधी शाळेत मिळायला हवे होते.

श्रद्धेला धक्का बसतो का?

सालबर्डीला महाशिवरात्रीला महादेवाची यात्रा भरते. त्याच परिसरातल्या खडकांत डायनासोरच्या अंड्यांचे जीवाश्म सापडले आहेत, साडेसहा कोटी वर्षांहून जुने. यात्रा त्यामुळे थांबलेली नाही. तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी याच तिवसा तालुक्यातले. भक्ती आणि अंधश्रद्धेवरची टीका एकाच भजनात कशी नांदते, हे इथल्या माणसाला नव्याने सांगावे लागत नाही. शिवाय वानराचा माणूस झाला, असे डार्विन म्हणतच नाही. दोघांचा पूर्वज एक, एवढेच तो म्हणतो.

आता काय पाहायचे?

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. त्यात अवशेषांगे आहेत, जीवाश्म आहेत, जिराफाची मानही आहे. बोंडअळी आली तर आमची पोरे जास्त लक्ष देतील. पण राज्याने २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणायला सुरुवात केली आहे आणि दहावीची पाळी शेवटच्या टप्प्यात आहे. तो मसुदा हरकतींसाठी येईल तेव्हा पालकांनी आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी अनुक्रमणिका उघडून पाहावी, ‘आनुवंशिकता’च्या पुढे ‘व उत्क्रांती’ हे शब्द शिल्लक आहेत की नाहीत.